एक हात पाठीमागे

बारांकिया,
रविवार, २१ जानेवारी १९७९

चिरंजीव एवारिस्तो यास आईचे आशीर्वाद.

मी दिओनिसिया. ओळख पटावी म्हणून सांगते: काळी, ठेंगणी, डोक्यावर नारळाच्या वड्यांची परात घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरणारी. तुला मीच जन्म दिला. त्या दिवशी तूही तिथे हजर होतास, पण तुझा विसरभोळेपणा पाहता एवढं सांगितलेलं बरं. माराकाइबोच्या उन्हात माणूस आपलं नावसुद्धा विसरतो म्हणे. तुझं नाव एवारिस्तो कास्सियानी. पाकिटावर लिहिलेलं आहे, पाकीट जपून ठेव.

इकडे सगळी खुशाल आहेत.

अक्षर बघून बुचकळ्यात पडशील. दर वेळी माझं बोलणं तुझी लेक उतरवून घेते. या वेळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे डॉन आबेलार्दो लिहीत आहेत. नेरेइदाला वेळ नाही, एवढंच. डॉन आबेलार्दो आत्ता खोकले. त्यांना सर्दी झाली आहे. औषधवाल्यालाच सर्दी झाली हे गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून बिचारे रुमालात खोकतात.

काल सान सेबास्तियानचा दिवस होता, म्हणजे कार्निव्हलचं वारं सुटलंच. आमची गल्ली आत्तापासूनच बिघडली आहे. पलीकडच्या विल्फ्रिदोने त्याच्या पिकोवर, त्या भिंतीएवढ्या गाण्याच्या खोक्यांवर, नवीन वाघीण रंगवून घेतली. तिचे दात एवढे मोठे की तोंड मिटेल कसं, हा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, "मावशी, ती तोंड मिटणारच नाही, कार्निव्हल संपेपर्यंत." आणि रोज दुपारी तो ती वाजवून बघतो. माझ्या कपाटातले कप आपोआप एका बाजूला जमतात.

आता मुद्द्याचं. उडी मारू नकोस, बसून ऐक.

तू जाताना आपला पिको, आपला पाणकोळी, मागच्या खोलीत ताडपत्रीखाली झाकून गेलास. खोकी, कर्णे आणि ती लोखंडी पेटी, जिच्या जोरावर तू अख्ख्या गल्लीला नाचवायचास. नेरेइदाने ती पेटी उघडली आहे. तुझी लेक आता रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करते, हे मी गेल्या दोन पत्रांत कळवलं होतं आणि तू त्यावर हवापाण्याची चौकशी केली होतीस. दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करून तिचा हात बसला आहे. तिने ठरवलंय की तुझा जुना अ‍ॅम्प्लिफायर सोलून त्याच्या दुप्पट ताकदीचा नवा बांधायचा आणि कार्निव्हलच्या शनिवारी पाणकोळी आपल्याच दारात वाजवायचा. गल्लीला शब्द दिला आहे. भिंतीवर नाव रंगवून झालं आहे. म्हणजे आता माघार नाही.

तिला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. आतल्या त्या चार मोठ्या डब्या, कंडेन्सर म्हणतात त्या, किती व्होल्ट सोसतात आणि कुठली कशाला जोडलेली आहे? तूच कानशीने सगळे आकडे घासून टाकलेस आणि वर डांबर ओतलंस. तुम्हा पिकोवाल्यांची रीत मी का ओळखत नाही! तबकडीवरचं नाव खरवडायचं, कंडेन्सरवरचा आकडा घासायचा, म्हणजे दुसऱ्या पिकोवाल्याला नक्कल करता येऊ नये. आपली भानगड कुणाशी चालू आहे ते भर चौकात सांगाल, पण कंडेन्सर कुठला ते बायकोलाही सांगणार नाही.

ते परक्यांसाठी ठीक होतं. ही परकी नाही. चुकीचा कंडेन्सर बसला तर तो फुटतो आणि आतला उकळता रस तोंडावर उडतो, असं तीच मला सांगते, आणि वर हसते. तुझं उत्तर आलं नाही तर ती अंदाजाने लावणार आहे. अंदाजावर विश्वास ठेवायची खोड कुठून आली ते मी सांगत नाही.

तेव्हा कार्निव्हलच्या आत लिही. ती बरी आहे. कामात आहे. डॉन आबेलार्दो पुन्हा खोकताहेत, म्हणून इथेच थांबते.

तुझी आई,
दिओनिसिया


बारांकिया,
रविवार, ११ फेब्रुवारी १९७९

एवारिस्तो, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डॉन आबेलार्दोंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचा म्हटलं तर म्हणाले, "दिओनिसियाबाई, तिसऱ्यांदा वाचलं तरी तो शहाणा होणार नाही."

तू लिहितोस, पेटी विल्फ्रिदोला विकून टाक. मुलीच्या जातीने विजेत हात घालू नये. आकडे माझ्या डोक्यात आहेत, तिथेच राहू देत. एवढंच? पत्राला लावलेलं तिकीट तुझ्या मजकुरापेक्षा मोठं आहे रे.

आज लिहायला बसण्याआधीच मी डॉन आबेलार्दोंना सांगितलं, आज खोकायचं नाही. त्यांना सर्दी कधीच नव्हती. मागच्या पत्रात मी खोटं बोलत होते तिथे तिथे ते खोकत होते. आज खोटं बोलायचं नाही, म्हणून बोलणं जड जाईल. तू मध्येच पत्र घडी करून ठेवू नकोस.

नेरेइदा तुला पत्र लिहू शकत नाही, कारण तिच्या उजव्या हाताला लेखणी धरता येत नाही.

जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर, मागचं पत्र पाठवण्याआधीच घडलं ते. सकाळची वेळ. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. तिने पेटी आधी चालू करून बघितली होती, मग पिन काढली. नुसती काढली नाही, मला आणून दाखवली: "आजी, बघ हं, पिन माझ्या हातात आहे." मग येऊन लिंबाचं पाणी प्यायली. सावकाश. मला चिडवलंसुद्धा, की तुझ्या वड्यांत आता नारळ कमी आणि गप्पा जास्त असतात. आणि मग आत जाऊन तिने पेटीत उजवा हात घातला.

मला वाटलं, रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. मग जळल्याचा वास आला आणि मी आधी चुलीवरचं भांडं उतरवलं. नंतर धावले.

ती भिंतीशी पडली होती. डोळे उघडे. अंगठा आणि शेजारचं बोट पांढरं, मेणासारखं. डॉन आबेलार्दो दुकान उघडं टाकून आले, पायात एकच चप्पल. हॉस्पिटलात बोटाचं टोक काढावं लागलं. अंगठा राहिला आहे, पण तो कुणाचं ऐकत नाही.

का झालं, ते तिनेच नंतर शोधून काढलं, पट्टीचा हात सांभाळत, डाव्या हाताने डांबर टोकरत. पिन काढली तरी त्या डब्यांत वीज साठून राहते. ती हळूहळू जिरवायला एक छोटा भाग बसवलेला असतो. तू तो बसवला होतास, तुझ्यावर आळ नको. पण तो कधीतरी जळून दोन तुकडे झाला होता. वर डांबर. दिसणार कसा? दुसऱ्या कुणाची पेटी असती तर तिने एका नजरेत ओळखलं असतं.

आता हे नीट वाच. डॉक्टर म्हणाले, दोन्ही हात आत असते तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेली असती आणि आम्ही डॉक्टरांऐवजी पाद्रीबुवांना बोलावलं असतं. पण तिचा डावा हात पाठीमागे होता. मी धावत गेले तेव्हाही पाठीमागेच होता, मूठ घट्ट आवळलेली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती मूठ उघडेना. तू तिला शिकवलं होतंस. ती स्टुलावर उभी राहून तुझं काम बघायची, आणि तू तिचा हात धरून मागे ठेवायचास: "पेटीशी बोलताना एक हात पाठीमागे, शाळेत बाईंसमोर उभं राहतात तसा." शाळेत कधी तशी उभी राहिली नाही पोरगी. पेटीसमोर राहिली.

म्हणजे तुझ्या एका गोष्टीने तिचा हात घेतला आणि तुझ्याच एका गोष्टीने ती राखली. हिशेब तू कर. मला जमत नाही.

तुला कळवणार नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. "बाबांना कळलं तर ते पेटी विकायला लावतील." तू न कळताच विकून टाक म्हणालास. तेव्हा शपथ मोडायला मी मोकळी झाले.

तू म्हणशील, तू आजी आहेस, अडवत का नाहीस? अडवलं. पेटीची पिन कापून तांदळाच्या डब्यात लपवली. तिने दुसरी आणली आणि पहिली वाया जाऊ नये म्हणून माझ्या इस्त्रीला लावून दिली. मग सरळ विचारलं.

"पोरी, एक हात पोळला. आता दुसरा घालतेस?"

"आजी, आता सोडलं तर पहिला फुकट पोळला."

"आणि काही झालं तर? मी तुझ्या बापाला काय सांगू?"

"त्यांनी विचारलं तर सांग. आधी विचारू तर देत."

मी परात उचलली आणि वड्या विकायला निघाले.

ती थांबणार नाही. कार्निव्हलच्या आदल्या दिवशी पेटीत वीज सोडणार आहे. अंदाजाने सोडली तर काय होईल, ते या वेळी ती हसत सांगत नाही. सांगतच नाही. म्हणून मी घाबरले आहे.

येत्या शनिवारी दुपारी डॉन आबेलार्दोंच्या दुकानात फोन कर. नंबर त्यांनी वर लिहिला आहे. मी तिला तिथे आणून बसवते. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोल. आकडे सांग. विकायची गोष्ट काढलीस तर फोन मी खाली ठेवीन. त्याला अक्षरं यावी लागत नाहीत.

आई


बारांकिया,
गुरुवार, १ मार्च १९७९

एवारिस्तो,

काल भस्म-बुधवार, कपाळाला राख लावून घेतली. पाद्रीबुवा म्हणाले, माती आहेस, मातीला मिळशील. मी म्हटलं, फादर, या आठवड्यात मिळता मिळता राहिले.

तू फोन केलास. एवढं मान्य. तिकडून तू काय बोललास ते तुला माहीत. इकडून काय दिसलं ते सांगते. तिने फोन डाव्या हातात धरला होता. "बरं," म्हणाली. मग पुन्हा "बरं." डॉन आबेलार्दो त्याच त्या बाटल्या पुसत उभे. मग ती म्हणाली, "बाबा, रडू नका, इथे औषध घ्यायला माणसं आली आहेत." दुकानात कुणीही नव्हतं. आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"आजी, त्यांना आकडे आठवत नाहीत. खरंच नाही. दुसऱ्याला कळू नये म्हणून घासले, ते त्यांनाही उरले नाहीत."

रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. घरी येऊन छिन्नी घेतली आणि डांबर शेवटच्या कणापर्यंत फोडून काढलं. तुझे चारही कंडेन्सर अंगणात एका रांगेत ठेवले, तारेने त्यांची तोंडं जोडून, म्हणजे आतली वीज मरावी. आणि म्हणाली, "यांच्याबद्दल अंदाज करायचाच नाही. सगळे नवे." बंदरावरच्या जुन्या सामानवाल्याकडून आकड्यांचा शिक्का असलेले कंडेन्सर आणले, तिच्या दुकानमालकाने प्रत्येक तपासून दिला. डाव्या हाताने शिसं वितळवून डाख द्यायची, तार दातांत धरायची. बारीक कामाला डॉन आबेलार्दो बसले, गोळ्या मोजायचा चिमटा घेऊन. अंगावर पांढरा कोट तसाच. येणारा-जाणारा विचारायचा, पेटी आजारी आहे का?

आणि प्रत्येक भागाशेजारी तिने लाल रंगाने मोठ्ठे आकडे लिहिले. कुठली वीज किती, कुठे हात घालायचा नाही. मी म्हटलं, "अगं, कुणी चोरेल ना."

"चोरू देत. जो उघडेल त्याला कळू दे."

शुक्रवारी दुपारी पेटी अंगणात काढली. अर्धी गल्ली कुंपणावर. तिने सगळ्यांना मागे हटवलं आणि मला मात्र पुढे बसवलं. विजेच्या वाटेत तिने एक साधा दिवा जोडला होता. "आजी, तुझं काम ऐक. मी कळ दाबली की हा दिवा भक्कन पेटेल आणि मग मंद होत जाईल. मंद झाला तर सगळं ठीक. भक्कच राहिला तर आत काहीतरी भलतंच जोडलं गेलंय. मी पेटीकडे बघणार, तू फक्त दिव्याकडे बघायचं. नाही मंद झाला तर ओरड, डॉन आबेलार्दो पिन काढतील."

"मला अक्षर येत नाही, आणि हे सांगतेस होय?"

"दिवा वाचता येतो ना?"

तिने पट्टीचा हात पाठीमागे नेला. डाव्याने कळ दाबली. दिवा भक्कन पेटला. मी बघत राहिले. तो मंद होईना. मला वाटलं, माझीच नजर चुकत असेल, म्हातारीची नजर. पेटीतून गुरगुर आली, कुत्र्यासारखी. दिवा पांढराफेक. मी ओरडले. एवढी ओरडले की विल्फ्रिदो म्हणतो, वाघीणसुद्धा एवढी ओरडत नाही. डॉन आबेलार्दोंनी पिन अशी उपटली की भिंतीचा गिलावा निघाला.

ती खाली बसली. लाकडी काठीला तार बांधलेली होती, ती आतली वीज मरावी म्हणून एकेका डबीला टेकवली. मग पुन्हा पहिल्यापासून टेकवली. मग आत बघत बसली, इतका वेळ की कुंपणावरची माणसं उन्हाला कंटाळून कमी झाली. आणि अचानक हसायला लागली. हसत हसत डोळे पुसायला लागली.

तुला आठवतं का, की तेही नाही? डांबराच्या अगदी तळाशी एक काळी तार होती, टोक तुटल्यासारखं दिसणारं. तिला वाटलं जुनी होऊन तुटली असेल, म्हणून तिने ती जोडली. ती तुटलेली नव्हती. तू ती तशीच सोडली होतीस, नक्कल करणाऱ्याने जोडावी आणि त्याची पेटी जळावी म्हणून.

"आजी," ती म्हणाली, "बाबांनी चोरासाठी सापळा लावून ठेवला होता. चोर मी निघाले."

मी हसले नाही. दिव्याशिवाय कळ दाबली असती तर ते नवे कंडेन्सर तिच्या तोंडावर फुटले असते, हे तिने मला नाही, डॉन आबेलार्दोंना हळूच सांगितलं. माझे कान चांगले आहेत.

तार कापली. पुन्हा हात पाठीमागे. पुन्हा कळ. दिवा भक्कन पेटला, आणि मग, एवारिस्तो, निजणाऱ्या लेकराचे डोळे मिटतात तसा मंद होत गेला. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान डोलावली.

शनिवारी पाणकोळी वाजला. कसा वाजला ते विल्फ्रिदोला विचार. तो स्वतः आला, पेटीत डोकावायला. तिने वर लाकूड नाही, काच बसवली आहे, लाल आकडे दिव्यात स्वच्छ दिसतात. तो वाकून वाकून बघतो आहे. ती म्हणाली, "विल्फ्रिदोकाका, कागद देऊ? लिहून घ्या." तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला काय खुळा समजलीस? खरी पेटी कुठे लपवली आहेस ते सांग." दोन दिवस माझ्या पलंगाखाली शोधायला माणसं पाठवत होता. खरं उघड्यावर ठेवलं तर तुम्हा लोकांपैकी कुणालाच दिसत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. तिने केलं असेल तर तिने मला सांगितलेलं नाही. ती तुझं नाव घेते तेव्हा आवाज चढवत नाही, एवढं तुला कळवते. पेटी विकायची नाही. पाणकोळी आता तिचा आहे, खोक्यावर तिने स्वतःचं नाव लिहिलं आहे, डाव्या हाताने, वेडंवाकडं. मी ते नाव ओळखते. अक्षर येत नसलं तरी.

उपासाचे दिवस लागले, मांस बंद. तेव्हा खायला काय पाठवायचं ते ऐक. तिकडे पाण्यात ठेवलेलं मऊ चीज मिळतं ना, पालमिता म्हणतात ते, बोटाने तुटणारं, ते पाठव. काट्यांचा मासा नको, सुरी लागेल असं काही नको. तिचा अंगठा मिटत नाही. डाव्या हाताने कापायला गेली की मी मदतीला पुढे होते, आणि ती ताट उचलून अंगणात जाऊन बसते. भरवलेलं तिला खपत नाही. ते चीज टपालात आंबतं, डॉन आबेलार्दो म्हणतात. पण बसने, पाण्याच्या डब्यात, कुणाच्या तरी मांडीवर ठेवून आणलं तर नीट पोचतं. कुणाच्या मांडीवरून पाठवायचं ते तू ठरव. डबा मोठा घे.

तुझी आई,
दिओनिसिया